पिंजऱ्यातला झेनॉन

"हे त्या एक्सरेच्या मशीनीत नाही टाकू देणार मी," म्हातारा गेटवरच्या रक्षकाला सांगत होता. "पाहिजे तं मले टाका त्याच्यात."

मागे रांग तुंबली होती. रक्षकाने मला फोन करून बोलावलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये नुकताच चहा घेतला होता. तो तसाच टाकून यावं लागलं, त्यामुळे माझं डोकं जरा तापलेलंच होतं. म्हाताऱ्याच्या हातात स्टीलची गोल डबी होती आणि ती त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. शेजारी ठेंगणी, सावळी बाई, डोक्यावरून पदर घेतलेली. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"नामदेवराव उमाटे ना?" मी विचारलं.

"होय जी. अन् ही प्रफुल्लची माय, शेवंता."

माझा तापलेला पारा झटकन खाली आला. मी रक्षकाला म्हटलं, "डबी माझ्या हातात दे. जबाबदारी माझी." म्हाताऱ्याने डबी दिली खरी, पण आत पोहोचेपर्यंत त्याचा एक हात माझ्या कोपराजवळ तरंगतच होता, मी पाडते की काय म्हणून.

मी तेव्हा एका प्रकाशयंत्राच्या संस्थेत होते. प्रकाशयंत्र म्हणजे मोठ्या रिंगणात इलेक्ट्रॉन पळवायचे. वळणावर ते प्रकाश सांडतात, तो नळ्यांमधून बाहेर काढायचा. तशा एका नळीच्या टोकाला माझं राज्य होतं. देशभरातून संशोधक यायचे, आपापल्या पाळीत त्या प्रकाशाखाली आपापला पदार्थ धरायचे आणि निघून जायचे. बहुतेकांची तोंडं मी विसरले. प्रफुल्ल उमाटे लक्षात राहिला, कारण त्याला खुर्चीवर बसायलाही परवानगी लागायची. "मॅडम, बसू?" प्रत्येक वेळी. मी एकदा चिडून म्हटलं, "नाही, उभाच राहा." तर हा खरंच तासभर उभा!

त्याचं काम होतं पिंजऱ्यांवर. कार्बनचे साठ अणू एकमेकांना धरून फुटबॉलसारखा पोकळ गोळा करतात. त्या गोळ्यात झेनॉन वायूचा एखादा अणू कोंडायचा आणि त्यावर प्रकाश सोडायचा, एवढाच उद्योग. पण तो एक अणू आत घालताना हजारो पिंजरे रिकामेच राहतात. प्रफुल्लने दोन वर्षं खपून चिमूटभर पूड केली होती. त्या पुडीवर माझ्या नळीत मोजमाप झालं आणि त्याला लाट दिसली, जिची सगळे वाट बघत होते. निबंध छापून आला. त्याचे मार्गदर्शक डॉ. रेगे त्या वर्षी फार खुशीत होते.

पुढच्या वर्षी परदेशातल्या एका गटाने तोच प्रयोग केला. त्यांना लाट दिसली नाही. मग मूळ नोंदी मागवल्या गेल्या, आणि नेमकी त्या आठवड्याची डिस्क जळालेली निघाली. चौकशी समितीने अहवालात 'शंकास्पद' हा एकच शब्द वापरला, पण तो पुरला. पोराने आलेखावर हातानेच लाट काढली, असं लोक उघड बोलायला लागले. शिष्यवृत्ती थांबली. महिनाभराने आर्वीजवळच्या एका धरणाच्या भिंतीवर त्याची मोटारसायकल उभी सापडली. तो सापडला नाही. पाणबुडे आले, जाळी टाकली, काही हाती लागलं नाही. पाय घसरला म्हणणारे होते, आणि दुसरं म्हणणारेही होते.

तो गेल्यावर वर्षाने नामदेवरावांचा मला फोन आला. पोराने त्याच पुडीतला उरलेला वाटा एका शिशीत घालून घरी आणून ठेवला होता. "सांभाळून ठेवा, लागन कधी तरी," असं आईला सांगून गेला होता. "त्याच्यावर पुन्हा लाइट सोडता येते का मॅडम?" त्यांनी विचारलं. येतो, मी म्हटलं, पण तापवून वाफ केल्यावर पूड संपते, परत मिळत नाही. ते म्हणाले, "संपू द्या. पोरगं खरं बोलत होतं का नाही, एवढं समजलं म्हणजे झालं."

मी डॉ. रेग्यांना गाठलं. वाटलं होतं, उडवून लावतील. पण त्यांनी आपल्या वाट्याचा एक अख्खा दिवस दिला आणि स्वतः आले.

ते आत आले तेव्हा नामदेवराव उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. रेगे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्या दिवशी मात्र ते त्या जोडलेल्या हातांकडे बघत नुसते "बसा, बसा" म्हणाले आणि लगेच पंपाचे आकडे वाचायला वळले. त्या आकड्यांत वाचण्यासारखं काही नव्हतं. ते मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

मी डबीतून शिशी काढली, तिच्यातली पूड छोट्या धातूच्या वाटीत ओतली, वाटी भट्टीत बसवली आणि झाकण लावून आतली हवा ओढायला पंप सुरू केले. त्याला वेळ लागतो. तोवर मी दोघांना चहा मागवला. शेवंताबाईंनी घेतला नाही.

"बाई," त्या पहिल्यांदाच बोलल्या, "त्या पिंजऱ्यात जो हाय, तो कोनाचा कोन?"

"कुणाचाच नाही," मी म्हटलं. "झेनॉन म्हणतात त्याला. एकलकोंडा अणू. कुणाचा हात धरत नाही. पिंजऱ्याशीही त्याचं नातं नाही, नुसता आत असतो."

"अन् त्याले उजेड लागते? एवढा बंद हाय तरी?"

"लागतो. पिंजरा काही भिंतीसारखा नसतो, प्रकाश आत जातो. मग त्या अणूतला एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि बाहेर पळायला बघतो."

"मंग पळते?"

"सरळ नाही पळता येत. थोडा पिंजऱ्यावर आपटून मागे येतो, थोडा बाहेर जातो. जाणारा आणि परतणारा एकमेकांत मिसळतात. कुठे जोर वाढतो, कुठे दोघंही एकमेकांना खाऊन टाकतात. अणू मोकळा असेल तर आपण मोजतो तेव्हा एकच टेकडी दिसते. पिंजऱ्यातला असेल तर टेकडीवर चढउतार येतात. तुमच्या मुलाने पाहिली ती लाट म्हणजे हीच."

नामदेवराव मान डोलावत होते. शेवंताबाईंनी पुन्हा विचारलं, "तो अणू नाई येत बाहेर?"

"नाही. तो आतच राहतो."

त्यांनी पदर दातात धरला आणि मान वळवली. मला वाटलं, मी उगाच फार बोलले.

भट्टी तापली. प्रकाशाचं दार उघडलं. वाफेवर प्रकाश पडला की त्यातून विद्युतभार घेतलेले कण निघतात; जड कण उशिरा पोहोचतात, हलके आधी, त्यावरून त्यांचं वजन कळतं. रिकाम्या पिंजऱ्याचं वजन सातशे वीस. झेनॉन आत असेल तर आठशे पन्नासच्या थोडं वर. आधी ती दोन टोकं पडद्यावर दिसायला हवीत, लाटेची गोष्ट त्यानंतरची.

मी डोळ्यात तेल घालून बघत होते. सातशे वीसच्या जागी काही नव्हतं. खाली, हलक्या वजनांच्या बाजूला नुसतं झुडूप उगवलं होतं, तेलकट, चिकट कचऱ्याचं असतं तसं. मी भट्टी आणखी तापवली. झुडूप वाढलं. सातशे वीसला सपाट. आठशे पन्नासला सपाट.

रेगे माझ्या खांद्यामागे उभे होते. "काजळी आहे ही," ते हळू आवाजात म्हणाले. "दिव्यावर धरतात ती."

"सर, थांबा जरा."

"किती थांबू? वाटी रिकामी झाली." त्यांच्या आवाजात जिंकल्याचा मागमूसही नव्हता.

"काय निघालं जी?" नामदेवरावांनी विचारलं.

रेग्यांनी सांगितलं, आणि तेवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन, की त्यांनी त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "उमाटेसाहेब, यात झेनॉन नाही. पिंजरेही नाहीत. साधी काजळी आहे."

"म्हणजे पोरानं शिशीत काजळी भरून ठेवली?"

नामदेवरावांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला आणि तो पुन्हा न लावता खिशात टाकला.

"मी बत्तीस वर्षं आर्वीच्या स्टँडवर कंट्रोलर होतो," ते म्हणाले. "गाडी येणार नसली तं माईकवर सांगत जाओ, येणार नाही म्हणून. लोक शिव्या देत. बाकीचे म्हणत, अर्ध्या घंट्यात येते म्हणून सांगा ना, गोंधळ होत नाही. म्या कधी खोटं नाही सांगतलं. अन् माह्या घरात…" त्यांची हनुवटी थरथरायला लागली आणि ती त्यांनी हाताने धरली. मी आयुष्यात पुष्कळ माणसं रडताना पाहिली, पण असं न रडणारा माणूस पुन्हा पाहिला नाही.

"ती काजळी माही हाय."

शेवंताबाई खुर्चीवरून उठल्या होत्या.

"काय म्हणतं?" नामदेवराव म्हणाले.

"पोरानं नाई भरली. म्या भरली." त्या नवऱ्याशी बोलत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या. "शिशी देवघरात ठेवली होती. सकाळी पूजा झाली का बोटाच्या टोकावर उलीशी घेओ अन् कपाळाले लावो, अंगाऱ्यावानी. लेकराच्या हातची होती नं बाई. जाळाले अंग भेटलं नाई. अस्थी भेटल्या नाई. गावातले म्हणत, पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळा. म्या नाई करू देला. मंग माह्याजोळ काय होतं?"

"पण काजळी?" मी विचारलं.

"संपत आली तवा भेव वाटलं. ह्यायनं पाह्यलं तं काय म्हणन? मंग निरांजनीवर वाटी धरून काजळी काढो अन् त्याच्यात टाको. काळ्यात काळी. कोनाले समजते?"

"अन् इथं यायच्या आंधी काहून नाही बोलली तू?" नामदेवरावांचा आवाज चढला. "दोन दिवसाचा प्रवास करून आलो आपण! तुले माहीत होतं!"

"मले वाटलं, उलीशी तं असन त्याच्यातली." त्यांनी त्या लांबच लांब नळ्या, पंप, तारा यांच्याकडे हात केला. "एवढं मोठं मशीन हाय. शोधून काढन, वाटलं."

रेगे खाली बसले. मला त्या बाईचा राग आला होता, हे मी लपवत नाही. असा संताप आला होता की खांदे धरून हलवावं. आणि त्याच वेळी तिच्याकडे बघवतही नव्हतं.

"शिशी आणा," मी म्हटलं. "बुडाशी, झाकणात, कुठे काही चिकटलं असेल…" शिशी मी उलटून पालटून पाहिली. शेवंताबाईंनी बोट फिरवून फिरवून ती लख्ख केली होती, वर काजळीचा थर. काही उरलं नव्हतं.

"बोट कशाला पुसायचात?" मी सहज विचारलं.

शेवंताबाईंनी कमरेची पिशवी सोडली. आतून पांढऱ्या मलमलीची लहानशी घडी काढली. एका कोपऱ्यात काळपट डागांवर डाग पडले होते. "कुंकवाचं बोट पदराले पुसतो," त्या म्हणाल्या. "हे ह्याच्यासाठी न्यारं ठेवलं होतं. धुतलं नाई कधी. धुवाचं कसं?"

मी फडकं हातात घेतलं. टोल्यूईन नावाचा एक द्रावक असतो, पेंटच्या दुकानात वास येतो तसला त्याचा वास. त्यात काजळी विरघळत नाही, पण कार्बनचे पिंजरे विरघळतात आणि त्याला जांभळा रंग येतो. फडक्याचा कोपरा मी काचेच्या पेल्यात बुडवला आणि हलवत राहिले. वर काळे कण तरंगायला लागले. मग ते गाळून घेतलं आणि पेला खिडकीशी उजेडात धरला.

"सर," मी हाक मारली.

रेगे आले. जांभळा म्हणावा की नाही, इतका फिका रंग होता. जांभूळ खाऊन चूळ भरली तर पाण्याला येईल तेवढा. पण होता.

त्या द्रावणाचे थेंब एकेक करून आम्ही नव्या वाटीत सुकवले. मी घाई करत होते आणि रेगे मला हळू म्हणत होते. एरवी उलटं असायचं. पुन्हा पंप, पुन्हा भट्टी. नामदेवराव भिंतीशी उभे होते, बायकोपासून लांब. दुपार कलली होती.

प्रकाशाचं दार उघडलं आणि सातशे वीसला एक टोक उगवलं. टोकदार, सरळ. माझ्या तोंडून आरोळीच निघाली असती. मी थांबले. आठशे पन्नासच्या पुढे पडद्यावर नुसती थरथर होती. मोजणी वाढत गेली, थरथर बसत गेली, आणि तिच्यातून एक लहानसं बोट वर आलं. रेग्यांनी स्वतः वजन तपासलं. मग झेनॉनचे निरनिराळ्या वजनांचे जे भाऊबंद निसर्गात सापडतात, ते त्याच प्रमाणात शेजारी शेजारी उभे आहेत का, ते तपासलं. होते.

"आत आहे," रेगे म्हणाले. "झेनॉन आत आहे." आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी प्रकाशाची ऊर्जा बदलायला घेतली. टेकडी चढायची, पायरी पायरीने, आणि तिच्यावर चढउतार आहेत का ते बघायचं. तिसऱ्या पायरीला ते लहान बोट थरथरीत बुडालं. वाटी संपली होती. मी भट्टी वाढवली, आणखी वाढवली. काही आलं नाही.

"काय झालं जी?" नामदेवराव पुढे आले.

रेग्यांनी सांगितलं, "तुमच्या मुलाने पूड खरी केली होती. पिंजऱ्यात झेनॉन होता. हे मी समितीला लिहून देईन, माझ्या सहीने."

"अन् लाट?"

"लाट मोजण्याइतका माल नव्हता. त्यामुळे…" ते अडखळले. "त्यामुळे 'शंकास्पद' हा शब्द ते मागे घेणार नाहीत. लाट होती असंही म्हणता येत नाही, नव्हती असंही नाही."

नामदेवरावांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, शिशी भरलेली असती, पोरानं ठेवली होती तशी, तं पुरलं असतं?"

शेवंताबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या कपाळावर कुंकवाच्या वर एक रिकामी जागा होती, आज सकाळी तिथे काही लागलं नव्हतं. मी हिशोब करण्यासाठी एक क्षणही घेतला नाही.

"नाही," मी म्हटलं. "तरीसुद्धा पुरलं नसतं. फार थोडंच होतं ते मुळात."

नामदेवरावांनी श्वास सोडला. रेग्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"बाई," शेवंताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा. "माह्यासाठी बोलू नका खोटं. माह्या लेकरावर खोट्याचाच आळ होता. त्याच्या कामाबद्दल तरी कोनी खोटं बोलू नका. पुरलं असतं?"

मला पळून जावंसं वाटलं. पण ती उभी होती, आणि तिचा हक्क माझ्यापेक्षा मोठा होता.

"पुरलं असतं," मी म्हटलं. "दोनदा मोजता आलं असतं. लाट असती तर दिसली असती."

त्यांनी मान हलवली. एकदाच. रडल्या नाहीत. नामदेवराव डबी उचलून दाराकडे निघाले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी धावत जाऊन फडकं आणलं. ते सुकलं होतं. द्रावकाने त्यातला डाग न् डाग ओढून घेतला होता आणि तो कोपरा आता बाकीच्या मलमलीहून पांढरा दिसत होता. शेवंताबाईंनी ते हातात घेतलं, उलगडलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. एकही काळा ठिपका नव्हता. त्यांनी ते नाकाशी नेलं. टोल्यूईनचा वास आला असेल.

"यात आता काई नाई," त्या म्हणाल्या.

घडी घालून त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याच्या मागे चालू लागल्या. नामदेवराव बरेच पुढे गेले होते, आणि ते थांबले नाहीत.